गाडी सगळ्यात शेवटी घे

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल.

"ताई, मी २८ वर्षांचा, राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत. शिरोली एमआयडीसीत पाच वर्षं सीएनसी ऑपरेटर होतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं, दोन महिने घरात बसून आहे. आईच्या हाताला चव आहे, तिचा खर्डा गल्लीतली लोकं मागून नेतात. म्हणून सँडविचची व्हॅन काढायचं ठरवलंय. एक जुनी ऑम्नी बघितलीय, २०१२ मॉडेल, बाजू कापून काउंटर केलाय, आत ग्रिलर, बॅटरी-इन्व्हर्टर, गॅसची सोय, वर लाईटचा बोर्ड, सगळं रेडी. २ लाख ८० हजार म्हणतोय. माझ्याकडं पीएफचे १ लाख १० हजार आहेत, बाकीचे आईच्या पाटल्या ठेवून उभे करता येतील. रविवारपर्यंत ५० हजार ॲडव्हान्स दिला नाही तर दुसऱ्याला देणार म्हणतोय. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, आता रिटायर, ते म्हणतात नोकरी बघ, या विषयावर बोलतच नाहीत. ३२ प्रकारांचा मेनू काढून ठेवलाय. काय करू? आणि खर्डा सँडविचात चालेल का?"

भावा, आधी रविवारचं बोलू, कारण ते तुझ्या डोक्यावर बसलंय. ॲडव्हान्स देऊ नको. पन्नास हजार नको, पाच हजार पण नको. एवढ्या जुन्या गाडीला जो माणूस चार दिवसांची मुदत घालतो त्याला ती लवकर हातावेगळी करायची आहे, आणि का करायची आहे ते त्यानं तुला सांगितलेलं दिसत नाही. कारण साधं पण असेल, पैशाची नड असेल, पण ते कळल्याशिवाय गल्ल्यातला एक रुपया बाहेर काढायचा नाही. सगळी रेडी गाडी जर धंदा देत असती तर ती विकायला का निघाली असती, एवढाच प्रश्न त्याला विचार आणि तो काय सांगतो ते नीट ऐक.

मी स्वतः नऊ वर्षं नाष्ट्याचा धंदा केलाय, आधी टेबल, मग हातगाडी, मग टेम्पो, त्यामुळं हे पुस्तकातलं सांगत नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की अख्ख्या पत्रात गाडी आहे, ग्रिलर आहे, बोर्ड आहे, पण गाडी लावणार कुठं याचं एक वाक्य नाही. तुला वाटत असेल चाकं आहेत, कुठंही नेता येईल. तसं होत नाही. गिऱ्हाईक चाकांच्या मागं फिरत नाही, त्याला तू रोज त्याच वेळी त्याच जागी दिसायला लागतोस, आज रंकाळा उद्या राजारामपुरी परवा युनिव्हर्सिटी असं केलंस तर तिन्हीकडं तू नवखाच राहणार, आणि खायच्या धंद्यात नवख्याकडं माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा ओळखीच्याकडं जातो.

आता जागा कुठली. रंकाळ्यावर संध्याकाळी माणूस मावत नाही हे खरं, पण तिथं भेळ आहे, कणीस आहे, आईस्क्रीम आहे, फॅमिली येते ती चार ठिकाणी थोडं थोडं खाते, आणि शनिवार-रविवार सोडला तर गर्दी निम्मी. कॉलेजच्या बाहेर पोरं येतात पण परीक्षा आणि सुट्ट्या धरल्या तर वर्षातले कितीतरी दिवस रिकामे जातात. मला विचारशील तर तुझी जागा तुला आधीच माहिती आहे, तू ती पत्रात लिहिलीस आणि पुढं गेलास. तू पाच वर्षं शिरोलीत काम केलंयस. पहिली शिफ्ट किती वाजता आत जाते, दुसरी कधी सुटते, रात्रपाळीवाला सकाळी बाहेर पडताना त्याच्या पोटात काय असतं, पगार कुठल्या तारखेला होतो, कुठल्या गेटवर सावली आहे, हे मला नाही माहिती, त्या ऑम्नीवाल्याला पण नाही माहिती. तुला माहिती आहे. तू स्वतः सकाळच्या शिफ्टला जाताना काय खायचास आणि कितीपर्यंत पैसे द्यायला तुझा हात धजायचा, तिथनं सुरुवात कर.

आणि कोल्हापूरला ब्रेड नवीन नाही बघ. बाकी महाराष्ट्र मिसळीबरोबर पाव खातो, आपण स्लाइस ब्रेड खातो. त्यामुळं सँडविच म्हणजे काहीतरी फॅशनचं असं समजावून सांगायची गरज नाही, फक्त पोट भरलं पाहिजे आणि तिखट पाहिजे.

एक वही घे. तीन जागा निवड, प्रत्येक जागी तीन-तीन दिवस, सकाळ आणि संध्याकाळ मिळून चार तास उभा राहा. किती माणसं गेली हे मोजू नको, त्यानं काही कळत नाही. किती माणसं थांबली ते मोज, हातात काय धरून खात होती, किती रुपये दिले, उभ्यानं खाल्लं का पार्सल नेलं, एकटा होता का तिघं-चौघं. नऊ दिवसांत तुला असं काहीतरी दिसेल जे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. जागा बघताना हायवेच्या सर्व्हिस रोडला लावायचा विचार पण करू नको, अंधारात मागनं ट्रक येतो, तिथं उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. एखाद्या गॅरेजवाल्याचा, पिठाच्या गिरणीवाल्याचा रिकामा कोपरा मिळतो का बघ, महिन्याला भाडं ठरव, साध्या कागदावर का असेना पण लिहून घे.

मग गाडी न घेता धंदा सुरू कर. टेबल, वर छत्री, दोन लांब दांड्याचे हाताचे टोस्टर, दोन बर्नरची शेगडी, एक जाड थर्माकोलची किंवा चांगली आईसबॉक्स, पाण्याचे दोन जार. माझ्या अंदाजानं वीस-पंचवीस हजारांत सगळं बसतं. दीड-दोन महिने एवढंच कर.

का ते आकड्यात दाखवते, आकडे तुझ्या ठिकाणचे घालून बघ, मी फक्त धरून चालते. धर की एक सँडविच ६० ला विकलंस. ब्रेड, बटर, बटाटा-काकडी-टोमॅटो, चटणी, कागद, आणि रोज थोडं वाया जातं ते, सगळं मिळून २६ गेले. हातात ३४ राहिले. आता व्हॅन घेतलीस तर महिन्याला काय काय जाणार? कर्जाचा हप्ता ६ हजार, मदतीला पोरगा १० हजार, पेट्रोल साडेतीन, गॅस ४, जागेचं भाडं ४, पाणी-बर्फ-साफसफाई-किरकोळ अडीच, गाडीची दुरुस्ती आणि इन्शुरन्ससाठी बाजूला ३. झाले ३३ हजार. महिन्यात २६ दिवस धंदा धर, कारण एक सुट्टी आठवड्याला पाहिजेच, अंग आहे ते. दिवसाला १२७० च्या आसपास पडले. ३४ नं भागलंस तर रोज ३८ सँडविच विकलीस की शून्यावर येतोस. शून्यावर, बरं का. तुझा पगार अजून नाही. घरात २० हजार न्यायचे म्हटलं तर रोजची ६० लागतात, एकही दिवस न चुकता.

तेच टेबलाचं बघ. हप्ता नाही, पेट्रोल नाही, पोरगा नाही, भाडं ४ हजार, गॅस ३ आणि किरकोळ २. नऊ हजार. दिवसाला साडेतीनशे. म्हणजे ११ सँडविच. अकरा आणि अडतीस यातला फरक तुला झोप लागू देणारा फरक आहे. पहिल्या महिन्यात चूक होणारच, पाऊस येणार, एक दिवस ब्रेडच वेळेवर येणार नाही, अकराच्या धंद्यात हे सगळं पचतं, अडतीसच्या धंद्यात प्रत्येक चुकीला पाटल्या आठवतात.

अजून एक हिशेब आहे, तो बहुतेक जण करतच नाहीत. हाताच्या टोस्टरमध्ये गॅसवर एक सँडविच दोन्ही बाजूंनी नीट भाजायला चारेक मिनिटं जातात. दोन बर्नर म्हणजे तासाला ३०. गर्दी असते ती दोन तास, बाकी वेळ तू माश्या मारत बसणार. म्हणजे दोन तासांत जास्तीत जास्त ६०, ते सुद्धा हात एकदाही न थांबता. तुला रोज लागणारी ६० आणि तुझ्या शेगडीतनं निघणारी ६० एकच झाली, म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही. शिफ्ट सुटल्यावर माणूस बस पकडायच्या घाईत असतो, तो पाच मिनिटं थांबतो, दहा मिनिटं थांबत नाही. म्हणून मोठा तवा लागतो, ज्यावर एका वेळी चार-सहा बसतात, किंवा थोडी न भाजलेली साधी सँडविच आधीच बांधून ठेवायची. तू कारखान्यात सायकल टाईम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, मोजत होतास ना, इथं पण तेच मोज, स्टॉपवॉच लावून.

यावरनंच ३२ प्रकारांचं सांगते. चार ठेव. व्हेज टोस्ट, बटाटा मसाला टोस्ट, चीज, आणि तुझा खर्डा. बास. प्रत्येक जास्तीच्या प्रकाराला एक डबा लागतो, त्यातलं निम्मं रात्री उरतं आणि सकाळी ते टाकायला जीव होत नाही, आणि तिथंच घोळ होतो. घोळ म्हणजे काय ते सांगते.

माझं धंद्याचं दुसरं वर्ष, मे महिना. लग्नसराईमुळं दुसऱ्या दिवशीची एक मोठी ऑर्डर होती म्हणून रात्रीच आठ किलो बटाटे उकडले, सोलले, मोठ्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं आणि झोपले. सकाळी उघडून बघितलं, वास नाही, रंग बदललेला नाही, एक तुकडा खाऊन पण बघितला, चांगला लागला. पातेल्याच्या मधोमध हात घातला तर आत अजून कोमट होतं. त्या कोमटपणाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. दुपारी तीन घरांतनं फोन आले, लहान पोरांना उलट्या. एका पोराला सलाईन लावायला लागलं. मी दोन दिवस त्या दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पोरं बरी झाली, त्या माणसांनी मला काही बोललं नाही, पण ते पातेलं मी परत कधी वापरलं नाही.

शिजवलेलं अन्न ५ डिग्रीच्या खाली नाहीतर ६० डिग्रीच्या वर पाहिजे, मधल्या गरमीत जंतू भराभर वाढतात, आणि वास-चव बघून ते कळत नाही. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला बटाटा तासन् तास त्याच मधल्या गरमीत बसतो. म्हणून बटाटा त्याच दिवशी उकडायचा, पसरट ताटात पातळ थर करून गार करायचा, छोट्या डब्यांत भरून आईसबॉक्समध्ये, आणि काउंटरवर एका वेळी एकच डबा बाहेर. रात्री उरला तर टाकायचा. घरी पण न्यायचा नाही. मेयॉनीज सुरुवातीला ठेवूच नको. कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर तेलंगणानं २०२४ ला आणि तमिळनाडूनं २०२५ ला बंदी घातली ती उगाच नाही. पुढं ठेवलंच तर बिनअंड्याचं पॅकबंद आण, उघडल्यावर गारच ठेव.

सँडविच देताना वर्तमानपत्राचा कागद नको, शाई अन्नाला लागते, खायचं त्यात बांधायला कायद्यानं मनाई आहे. बटर पेपर घे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं तुला माहितीच आहे, २०१८ पासनं आपल्याकडं बंदी आहे, दंड भरत बसू नको.

आता ऑम्नीतल्या त्या ग्रिलरचं. इलेक्ट्रिक ग्रिलर साधारण २ हजार वॅटचा असतो, त्याच्यावर लिहिलेलं असतं ते वाचून ये. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. पण ही बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, इन्व्हर्टर पण मधल्यामधी थोडं खातो. म्हणजे तो ग्रिलर वीस-पंचवीस मिनिटं, अर्धा तास पण पुरा नाही. मग काय? मग जनरेटर, त्याचा आवाज, त्याचा धूर. विकणाऱ्यानं तुला ग्रिलर चालू करून दाखवला असेल, दोन तास चालवून दाखव म्हण. बॅटरीवर लाईट, मोबाईल आणि छोटा पंखा एवढंच धर, भाजायचं काम गॅसवर.

आणि गॅस. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळू नको. घरची लाल टाकी धंद्याला वापरायची नाही, ते बेकायदा आहे आणि पकडलं तर टाकी पण जाते. कमर्शियल १९ किलोची मिळते, टेबलासाठी ५ किलोची पण चालते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन उडून जात नाही, खाली फरशीवर पाण्यासारखा साचतो. हातगाडीवर तो वाऱ्यानं निघून जातो. व्हॅनमध्ये चारी बाजूंनी पत्रा असतो आणि ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. रात्री रेग्युलेटर नीट बंद झाला नाही, सकाळी तू दार उघडून बसलास आणि चावी फिरवलीस, पुढचं मी लिहीत नाही. कुठलीही व्हॅन घेतलीस तरी टाकी आतल्या भागापासनं वेगळ्या कप्प्यात, उभी, पट्ट्यानं बांधलेली, त्या कप्प्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि फरशीच्या पातळीला हवा जायला भोकं. गाडी हलवायच्या आधी टाकीचा कॉक बंद. आठवड्यातनं एकदा जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. पावडरचं आग विझवायचं नळकांडं हाताशी, टाकीच्या मागं दडवलेलं नको, दाराशी. तू बघितलेल्या गाडीत गॅसची सोय आहे म्हणतोस, ती कशी आहे हे तू लिहिलं नाहीस. म्हणजे बहुतेक बघितलं नाहीस.

कागदपत्रं फार अवघड नाहीत, पण टेबलाच्या पहिल्या दिवसापासनं पाहिजेत. फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन ऑनलाईन होतं, फॉसकॉस म्हणून सरकारी पोर्टल आहे, फोटो आणि ओळखपत्र लागतं, स्वतः भर, छोट्या धंद्याला रजिस्ट्रेशन पुरतं, मोठं लायसन्स कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नको. १४ आकडी नंबर मिळतो तो दिसेल असा लाव. तुझी आणि मदतनिसाची वर्षातनं एकदा मेडिकल तपासणी करून सर्टिफिकेट ठेव. जागेचं मात्र नीट समजून घे. शहरात लावणार असशील तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात महापालिका सर्व्हे करून विक्रीचं प्रमाणपत्र देते आणि फिरत्या विक्रेत्यांचा पण त्यात विचार आहे, पालिकेत जाऊन सध्या नाव कसं लागतं ते विचार. पण शिरोली आणि गोकुळ शिरगाव महापालिकेच्या हद्दीत येत नाहीत. तिथं जागा ग्रामपंचायतीची आहे का एमआयडीसीची का कुणाची खाजगी, हे आधी शोध आणि ज्याची आहे त्याच्याकडनंच परवानगी घे. चार लोकं लावतात म्हणून मी पण लावतो, यावर दोन लाख ऐंशी हजार ठेवायचे नाहीत.

पैशाचं. आईच्या पाटल्या तिच्या हातात राहू देत. तिनं आपणहून दिल्या तरी आत्ता नको म्हण. एक लाख दहामधले पंचवीस हजार टेबलाला, पन्नास हजार असे बाजूला टाक की त्याला हातच लावायचा नाही, उरलेले घरखर्चाला. रोजचा हिशेब वहीत लिही, जेवढे पैसे यूपीआयनं येतील तेवढे एकाच खात्यात येऊ देत. तीन महिन्यांनी बँकेत गेलास की ते स्टेटमेंट तुझ्यासाठी बोलतं. मुद्रा लोन आहे, शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. शहरात विक्रेता म्हणून नाव लागलं तर स्वनिधी योजना पण आहे, २०२० पासनं चालू आहे, छोट्या रकमेपासनं सुरू होते आणि वेळेवर फेडलं की पुढची वाढीव मिळते. आज मोकळ्या हातानं मॅनेजरसमोर बसलास तर तो तारण काय विचारणार, तीन महिन्यांनी तो रोजचा गल्ला किती विचारेल. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडं असेल.

सुरुवात कधी करायची तर जून-जुलैच्या तोंडावर करू नको. आपला पाऊस तुला सांगायला नको, छत्रीखाली दोन गिऱ्हाइकं पण उभी राहत नाहीत, आणि २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला तेव्हा दूध-ब्रेड पण येईना झाला होता. दिवाळीनंतर थंडी पडली की गरम टोस्टला माणूस आपोआप वळतो. आत्ता पावसाळा असेल तर हे महिने वहीला आणि आईबरोबर चटणीचं माप बसवायला दे.

हे सगळं करून तुला रोज चाळीसच्या वर गिऱ्हाईक यायला लागलं, टेबलावर जागा पुरेना, रोजची ने-आण करून खांदे दुखायला लागले, की मग गाडी बघायची. आणि तेव्हा तुझ्या घरात असा माणूस आहे ज्याच्याइतकं यातलं कोल्हापुरात फार कमी लोकांना कळतं. तू लिहिलंयस वडील बोलतच नाहीत. तू त्यांना काय विचारलंस पण? तू धंदा करू का विचारलंस, त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला. आयुष्यभर एसटीच्या इंजिनाखाली झोपलेल्या माणसाला तू दोन लाख ऐंशी हजाराची गाडी दाखवली नाहीस. ती दाखव. धंद्याचं काही बोलू नको, एवढंच म्हण, बाबा, एक गाडी आहे, जरा खालनं बघता का.

त्यांना काय बघायला सांगायचं ते पण लिहिते. पत्रा कापलाय तिथं सांगाडा कमकुवत झालाय का, वेल्डिंगला गंज आहे का, काउंटर उघडल्यावर गाडी एका बाजूला कलते का, वजन वाढवून ब्रेक आणि पाटे सोसतायत का. आणि तू कागद बघ. बाजू कापून दुकान केलेल्या गाडीचा तो बदल आरसी बुकावर चढलेला पाहिजे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे त्यासाठी, परवानगीशिवाय केलेला बदल असेल तर दंड तर आहेच पण आग लागली, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन थकलीत का. आणि २०१२ चं मॉडेल म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं भरतात, परत पासिंग करून आरसी वाढवून घ्यायला लागते, कापलेल्या पत्र्यासकट. ऑम्नी कंपनीनं २०१९ लाच बंद केलीय. मला स्वतःला ही गाडी एवढ्या किमतीला पटत नाही, पण मी इथं बसून सांगतेय, तुझे वडील खाली वाकून बघतील. त्यांचं ऐक.

राहिला खर्डा. चालेल काय, भावा, तोच चालेल. हिरवी चटणी सगळ्यांकडं आहे. फक्त खर्डा थेट ब्रेडवर लावू नको, मिठानं त्याला पाणी सुटतं आणि पार्सल घरी जाईपर्यंत ब्रेडचा लगदा होतो. आधी दोन्ही स्लाइसना बटर कडेपर्यंत लाव, अगदी कोपऱ्यापर्यंत, लोण्याचा थर असला की पाणी आत मुरत नाही. खर्ड्यात थोडं भाजलेलं डाळं कुटून घाल, ते पाणी ओढून घेतं. शेंगदाणा घालणार असशील तर बोर्डवर तसं लिही, काहींना चालत नाही. मधे बटाट्याचा जाड थर, वर काकडी, आणि खर्डा बटाट्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पहिल्या घासाला जिभेला थेट लागत नाही, दुसऱ्याला कळतो. तिखट कमी पाहिजे असणाऱ्याला दह्यात कालवून दे. आईला सांग मिक्सरला लावू नका, तव्यावरच रगडा, जाडसर राहू दे. पहिल्या दिवशी वीसच कर. विकून झाली की टेबल आवर, कुणी मागितलं तरी उद्या या म्हण, आणि उद्या त्याच वेळी तिथंच उभा राहा.